पाठीतली सुई आणि पायातली कळ

कंबरेत सुरू झालेली कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते, पोटरी ओलांडते आणि पायाच्या बोटांपर्यंत पोचते. खोकला आला, शिंक आली, शौचाला जोर करावा लागला, की ती सणकन उठते. बसवत नाही, उभं राहवत नाही, रात्री कूस बदलताना जीव नकोसा होतो. बदलापूर पूर्वेच्या खरवईत या दुखण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. एमआयडीसीत गोण्या आणि पिंपं हलवणारे कामगार, खड्डे चुकवत रिक्षा चालवणारे, बदलापूर ते सीएसएमटी हे ६८ किलोमीटरचं अंतर गर्दीत उभ्याने कापणारे नोकरदार, भरल्या बादल्या घेऊन जिने चढणाऱ्या बायका, यांच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या घरात सायटिका मुक्कामाला आलेली असते. प्रत्येक वेळी ती कामामुळेच जडते असं म्हणता येत नाही. पण एकदा जडली की काम होत नाही, आणि ज्याची चूल रोजच्या हजेरीवर पेटते त्याचं घर पहिल्याच आठवड्यात अडतं.

मग उपायांची रांग लागते. तेल, शेक, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या, कमरेचा पट्टा, एमआरआय. आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, "पाठीत इंजेक्शन देऊन बघू." घरात लगेच दोन तट पडतात. एकाने ऐकलेलं असतं की अमक्याला एका सुईत कायमचं बरं वाटलं. दुसऱ्याने ऐकलेलं असतं की पाठीत सुई टोचली की माणूस लुळा होतो. दोन्ही ऐकीव गोष्टींत निर्णय हरवतो. हे इंजेक्शन फाटलेली चकती शिवत नाही, सरकलेली गादी जागेवर बसवत नाही. नसेभोवतीची सूज काही काळ शमवून ते माणसाला काही आठवड्यांची उसंत देतं. ती उसंत योग्य माणसाला, योग्य जागी सुई पोचून मिळाली आणि त्याने तिचा उपयोग केला, तर इंजेक्शन सार्थकी लागलं.

नस दबते, आणि सुजतेही

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. तिच्या कडेला चिवट तंतूंची वलयं आणि मध्ये मऊ गर असतो. मेंदूतून खाली आलेला मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली नसांचा जुडगा उतरतो आणि त्यातली एकेक जोडी मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून बाहेर पडून पायांकडे जाते. चकतीची वलयं फाटून गर मागे आला की तो नेमका या नसांच्या मुळाशी येतो. चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधली चकती आणि पाचव्याच्या खालची चकती, या दोनच ठिकाणी बहुतेक प्रकरणं घडतात.

कोणती नस दुखावली आहे हे पाय स्वतःच सांगतो. कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलावर आणि अंगठ्याकडे गेली तर पाचव्या मणक्याच्या नसेवर संशय जातो. अशा माणसाला टाचांवर चालायला सांगितलं तर पाऊल वर उचललं जात नाही. कळ पोटरीच्या मागून टाचेकडे, तळव्याच्या कडेने करंगळीकडे गेली तर दोष बहुधा त्याखालच्या नसेत असतो. ती फार दुखावली असेल तर त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही. डॉक्टरांनी उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय वर उचलला आणि तीच ओळखीची कळ उठली, तर निदानाला आणखी बळ मिळतं. या तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात. ती न करता केवळ फिल्म पाहून सुचवलेल्या सुईबद्दल रुग्णाने अवश्य प्रश्न विचारावेत.

"नस दबली" एवढ्यानेच हे दुखणं पुरतं समजत नाही. पंगतीत तासभर मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात, पाय बधिर होतो, पण असह्य कळ येत नाही. निरोगी नसेवरचा दाब असा बधिरपणा आणतो. कळ येण्यासाठी नस सुजलेली असावी लागते. १९९३मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी डुकरांच्या नसांच्या मुळांवर चकतीतला गर नुसता ठेवला. दाब मुळीच दिला नव्हता, तरी नसांचं काम बिघडलं. चकतीबाहेर आलेला हा गर दाह निर्माण करणारी रसायनं घेऊन येतो आणि शरीरही त्याला परका समजून त्याच्यावर धावून जातं. स्टिरॉइडचं काम इथे आहे. ते दाह शमवतं, नसेची सूज आणि चिडखोरपणा कमी करतं. गर होता तिथेच राहतो.

शरीर स्वतः काय करतं

ज्या प्रतिकारशक्तीमुळे सूज येते तीच पुढे तो गर खाऊन टाकते. चकतीपासून तुटून वेगळा पडलेला मोठा तुकडा एमआरआयवर भयंकर दिसतो, पण तोच विरघळून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून नव्याने सुरू झालेल्या सायटिकाचे बहुसंख्य रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत कोणत्याही मोठ्या उपचाराविना बरेच सुधारतात.

आपल्याकडे उसण भरली, चमक भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची जुनी चाल आहे. त्याने बरं वाटलेली माणसं खोटं बोलत नसतात. दुखणं शिगेला पोचलं की माणूस उपाय शोधतो आणि त्यानंतर ते बहुधा उतरणीलाच लागणार असतं. उतार निसर्गाचा असतो, श्रेय शेवटच्या उपायाला जातं. हा नियम महागड्या इंजेक्शनलाही लागू आहे, म्हणूनच त्याची पारख एकट्यादुकट्याच्या अनुभवावर करता येत नाही.

एमआरआयच्या बाबतीतही असंच सावध राहावं लागतं. अहवालातल्या "डिस्क बल्ज" या शब्दांनी घरात सुतकी कळा येते. २०१५मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३० टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या घरातल्यांपैकी ८४ टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. केस पिकावेत तशा चकत्याही पिकतात. फिल्ममधला दोष आणि पायातली कळ एकाच नसेकडे बोट दाखवत असतील तरच त्या दोषाला अर्थ आहे.

कोकेनपासून कॉर्टिसोनपर्यंत

या उपचाराचं वय सव्वाशे वर्षांचं आहे. १९०१मध्ये पॅरिसमध्ये सिकार आणि कातेलँ या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाच्या वर असलेल्या नैसर्गिक छिद्रातून नसांभोवतीच्या पोकळीत कोकेनचं सौम्य द्रावण सोडलं. सायटिकाची कळ त्याने थोपली, पण नस नेमकी कशाने दुखते हे तेव्हा माहीत नव्हतं. ते कोडं १९३४मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी सोडवलं. फाटलेल्या चकतीचा गर नसेवर येतो हे त्यांनी शस्त्रक्रियांच्या आधारे मांडलं. १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि खाटेला खिळलेली रुग्ण चालू लागली. १९५०चं नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना मिळालं. दोनच वर्षांनी इटलीतल्या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट नसेच्या मुळापाशी सोडलं. औषध, जागा आणि कारण या तिन्हींची गाठ इथे पडली. पुढची अडचण नेमकेपणाची होती, आणि ती क्ष-किरणांच्या चालत्या चित्राने सोडवली.

टेबलावर काय होतं

रुग्णाला पालथं झोपवतात आणि पोटाखाली उशी देतात. त्यामुळे कंबरेचा बाक कमी होऊन मणक्यांमधल्या फटी उघडतात. पाठ जंतुनाशकाने पुसून निर्जंतुक चादरी घातल्या जातात. बाजूला सी-आर्म नावाचं यंत्र असतं. ते सी अक्षराच्या कमानीसारखं असून एका टोकाला क्ष-किरणांची नळी आणि दुसऱ्या टोकाला चित्र टिपणारा पडदा असतो. डॉक्टर शिशाचा अॅप्रन घालतात, कारण ते हे काम रोज करतात. रुग्णाच्या वाट्याला येणारे किरण थोडे असतात. गर्भवती स्त्रीने मात्र आधीच सांगायला हवं.

कमान थोडी तिरकी केली की पडद्यावर मणक्याची आकृती एका छोट्या स्कॉटिश कुत्र्यासारखी दिसते. जगभरचे डॉक्टर याच आकृतीवरून वाट काढतात. कुत्र्याचं नाक म्हणजे मणक्याचा आडवा काटा, डोळा म्हणजे मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणारा हाडाचा खांब. त्या कुत्र्याच्या हनुवटीच्या खाली नस बाहेर पडण्याचं छिद्र असतं. त्वचा बधिर करून बारीक, लांब सुई त्या दिशेने हळूहळू पुढे नेतात. मग कमान आडवी करून बाजूचं चित्र घेतात, म्हणजे सुई किती खोल गेली ते कळतं. समोरून बरोबर दिसणारी सुई बाजूने पाहिली तर कमी किंवा जास्त खोल असू शकते, म्हणून दोन्ही चित्रं लागतात.

सुई पोचली तरी औषध लगेच देत नाहीत. आधी आयोडीनयुक्त रंगद्रव्याचा एखादा मिलीलीटर सोडतात. ते नसेच्या बाजूने काळ्या रेषेसारखं पसरलं, नसेची कड उमटली, की जागा बरोबर. सोडताक्षणी ते वाहून दिसेनासं झालं तर सुई रक्तवाहिनीत आहे, ती हलवावीच लागते. सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत मोलाचा क्षण आहे. त्यानंतर स्टिरॉइड आणि थोडं भुलीचं औषध, दोन-तीन मिलीलीटर, सावकाश दिलं जातं. औषध आत जाताना रुग्णाला बहुधा तीच जुनी कळ क्षणभर जाणवते आणि तो म्हणतो, "हीच ती." रुग्णाला पूर्ण झोपवत नाहीत ते यासाठीच. त्याचं बोलणं ही सुरक्षिततेची एक पायरी आहे.

याला नसेच्या छिद्रातली वाट म्हणतात. दुसरी वाट मणक्यांच्या मागच्या बाजूने, मधल्या फटीतून जाते. तिसरी १९०१ची, माकडहाडावरच्या छिद्रातून. शस्त्रक्रिया झालेल्या कंबरेत तिसरी वाट सोयीची पडते. कोणत्याही वाटेने चित्राशिवाय, केवळ हाताच्या अंदाजाने दिलेल्या सुया साधारण चारांतून एकदा तरी जागा चुकतात असं जुन्या अभ्यासांत दिसलं आहे. अनुभवी हातही चुकतो, कारण प्रत्येकाची हाडं वेगळी असतात.

सिझेरियन झालेल्या बऱ्याच स्त्रिया म्हणतात, "भुलीच्या सुईपासूनच माझी कंबर धरली, आता पुन्हा पाठीत सुई नको." ही भीती समजून घ्यायला हवी. सिझेरियनची सुई बहुधा नसांभोवतीच्या पाण्याच्या पिशवीत जाते आणि कमरेखालचं अंग काही तास बधिर करते. सायटिकाची सुई पिशवीच्या बाहेरच थांबते. बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीला गरोदरपणात सैलावलेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू आणि बाळाला उचलणं-पाजणं ही कारणं असतात. भुलीच्या सुईने जुनाट कंबरदुखी जडते असं अभ्यासांत आढळलेलं नाही.

आकडे काय सांगतात

ऑस्ट्रेलियात २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चकतीमुळे सायटिका झालेल्या १५० रुग्णांचे पाच गट केले होते. चित्राच्या मदतीने नसेपाशी स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी ५४ टक्क्यांची वेदना महिन्याभरात निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. तेच स्टिरॉइड स्नायूत दिलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं आणि नसेपाशी फक्त भुलीचं औषध दिलेल्यांत ७ टक्के. औषध आणि जागा दोन्ही जुळल्या तेव्हाच परिणाम दिसला. दंडात किंवा कुल्ल्यावर स्टिरॉइड टोचून घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२०मध्ये कॉक्रेन या संस्थेने २५ चाचण्या एकत्र तपासल्या. शंभराच्या मोजपट्टीवर पायाच्या वेदनेतला सरासरी फरक पाचाच्या आसपास होता, तोही थोड्या काळापुरता. सरासरीत ज्यांना भरपूर फायदा झाला ते आणि ज्यांना काहीच झाला नाही ते एकत्र मिसळतात, पण एवढा लहान आकडा मोठी आश्वासनं नक्कीच खोडून काढतो. म्हातारपणी मणक्याची नळीच अरुंद झाल्यामुळे चालताना पाय भरून येणाऱ्या ४०० रुग्णांवर २०१४मध्ये अमेरिकेत चाचणी झाली. तिथे स्टिरॉइड मिसळलेलं इंजेक्शन आणि नुसत्या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन यांत सहा आठवड्यांनी फारसा फरक उरला नाही. ब्रिटनची नाइस ही संस्था २०१६पासून तीव्र आणि नव्या सायटिकासाठी या इंजेक्शनचा विचार करायला सांगते, पण नळी अरुंद झाल्याच्या त्रासासाठी नको म्हणते. २०२५मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर जुनाट पाठदुखीत आणि जुनाट सायटिकात ही इंजेक्शनं देऊच नयेत असं ठामपणे म्हटलं. वेदनाचिकित्सेच्या अनेक तज्ज्ञांना ते मान्य नाही, वाद चालू आहे.

यातून सामान्य माणसाने घ्यायचं ते असं. कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, दुखणं काही आठवड्यांचं आहे, गोळ्यांनी झोप लागत नाही, आणि एमआरआय त्याच नसेकडे बोट दाखवतो, अशा रुग्णाला या सुईचा उपयोग होण्याची आशा सर्वांत जास्त. फक्त कंबर दुखते, पायात कळ नाही, वर्षानुवर्षांचं दुखणं आहे, त्याने या सुईकडून फार अपेक्षा ठेवू नये.

कुठे थांबायचं

काही लक्षणांत इंजेक्शनची वाट पाहणंच धोक्याचं असतं. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. काही तासांच्या उशिरानेही कायमचं नुकसान होऊ शकतं. खरवईहून आपली रेल्वे याच कामी येते. सायन, परळचं केईएम आणि भायखळ्याचं जेजे ही अस्थिरोग आणि न्यूरोसर्जरीचे विभाग असलेली सार्वजनिक रुग्णालयं याच मार्गाच्या आसपास आहेत. पाऊल झपाट्याने लुळं पडत असेल तरीही शल्यचिकित्सकाचा सल्ला आधी. मणक्याची शस्त्रक्रिया म्हणजे अपंगत्व ही समजूत आता जायला हवी. डॉ. प्रेमानंद रामाणी यांच्यासारख्या न्यूरोसर्जननी मुंबईत कित्येक दशकं या शस्त्रक्रिया केल्या आहेत.

आपल्याकडे आणखी एका आजाराचं भान ठेवावं लागतं, तो म्हणजे मणक्याचा क्षयरोग. संध्याकाळी बारीक ताप, घटतं वजन, रात्री वाढणारी कंबरदुखी, घरात टीबीचा इतिहास असेल तर आधी त्याची तपासणी हवी. स्टिरॉइड संसर्गाला मोकळं रान देतं. अंगात कुठेही जंतुसंसर्ग असेल तर सुई पुढे ढकलतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या हे हृदयरोगाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. स्वतःच्या मनाने बंद केल्यास हृदयावर बेतू शकतं.

मधुमेह्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वाढते. ती रोज मोजावी आणि औषधांच्या फेरबदलाबद्दल आधीच विचारून ठेवावं. सुईने पाण्याच्या पिशवीला भोक पडलं तर उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवं पडल्यावर कमी होणारी डोकेदुखी होते, ती बहुधा बरी होते. ताप, वाढती पाठदुखी किंवा पायांत नवी कमजोरी दिसली तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावं. अत्यंत विरळा पण गंभीर धोका मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध जाण्याचा. काही स्टिरॉइडचे कण मोठे असतात आणि ते बारीक धमनी बुजवू शकतात. म्हणून नसेच्या छिद्रातल्या वाटेने देताना कणविरहित डेक्सामेथासोनला पहिली पसंती असते. अशा विरळ पण गंभीर इजांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४मध्ये इशारा दिला होता. त्याआधी २०१२मध्ये तिथेच बुरशीने दूषित झालेल्या स्टिरॉइडच्या बाटल्यांमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि साठाहून अधिक दगावले. सुई कितीही नेमकी असली तरी बाटली शुद्ध आणि खोली निर्जंतुक असावी लागते, हा धडा त्या दुर्घटनेने दिला.

उसंत वाया घालवू नये

इंजेक्शननंतर तासा-दोन तासांत रुग्ण घरी जातो. पाय काही वेळ जड असतो, म्हणून स्वतः दुचाकी चालवू नये, लोकलच्या गर्दीत एकटं शिरू नये, सोबत कुणीतरी असावं. भुलीचा परिणाम ओसरला की दुखणं त्याच रात्री परत येऊ शकतं. सुई फुकट गेली असं तेव्हा समजू नये. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला दोन दिवसांपासून आठवडाभर लागतो आणि तो काही आठवडे, कधी तीन महिने टिकतो.

याच दिवसांत खरं काम करायचं असतं. रोज थोडं थोडं वाढवत चालणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पोट आणि पाठ बळकट करणारे व्यायाम, वजन उचलताना ते अंगाजवळ धरणं. वेदनेमुळे जे करता येत नव्हतं ते करण्यासाठीच ही मुदत मिळालेली असते. कामगाराच्या बाबतीत कारखान्यानेही वाटा उचलावा. दोन महिने हलकं काम मिळालं तर कुशल माणूस कामावर टिकतो. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास किलोची गोणी उचलायला लावणं हा सुईवरच्या खर्चाचाही अपव्यय आहे.

तीन इंजेक्शनांचं पॅकेज आधीच घेण्याला शास्त्राचा आधार नाही. पहिल्याने गुण आला आणि दुखणं परतलं तर दुसऱ्याचा विचार. पहिल्याने काहीच फरक पडला नाही तर निदान पुन्हा तपासायचं.

होकार देण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. माझी कोणती नस दुखावली आहे आणि ते तपासणीवरून कसं कळलं? सुई सी-आर्मखाली, रंगद्रव्य सोडून जागेची खात्री करून देणार का? कोणतं स्टिरॉइड वापरणार, आणि माझी साखर व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लक्षात घेतल्या आहेत का? आणखी सहा आठवडे थांबलो तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, चौथ्याचं उत्तर तर तो विचारण्याआधीच देतो. चारही उत्तरं सरळ मिळाली तर निर्धास्तपणे टेबलावर पालथं व्हावं. एकही टाळलं गेलं, तर फाइल उचलावी आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.